डुकराची किडनी आणि आपल्या रक्तातली प्रतिपिंडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एखाद्या रुग्णाला बसवल्याची, किंवा बसवलेले काढून टाकावे लागल्याची बातमी आली, की नाशिक आणि आसपासच्या डायलिसिस केंद्रांतून तेच ते प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. अर्धवट ऐकलेल्या माहितीवर विसंबून अनेक घरांत प्रत्यारोपणाचा निर्णय पुढे ढकलला जात आहे, याची मला काळजी वाटते. म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : वडिलांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. डुकराची किडनी भारतात कोठे बसवून मिळेल? (सातपूर)

कोठेही नाही. वडिलांचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहे का, ते आधी पाहा. नाशिक त्याच केंद्राच्या कक्षेत येते आणि नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत होते.

प्रश्न : माझ्या काकांच्या हृदयात डुकराची झडप अनेक वर्षे व्यवस्थित चालू आहे. मग किडनीलाच अडचण का यावी? (पंचवटी)

झडपेवर बसवण्यापूर्वी ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया केलेली असते; तिच्यात जिवंत पेशी उरलेल्या नसतात आणि ती केवळ उघडझाप करते. मूत्रपिंड मात्र जिवंत असावे लागते, आणि रुग्णाचे रक्त त्याच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून, म्हणजे डुकराच्या पेशींच्या अस्तराला स्पर्श करत, अखंड वाहत राहते. प्रतिपिंडांचा, म्हणजे परक्या पेशींना चिकटणाऱ्या आपल्या रक्तातील प्रथिनांचा (अँटीबॉडी), हल्ला नेमका त्या अस्तरावर होतो.

प्रश्न : आम्ही डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरतो आणि कलम सहज धरते. प्राण्यांत तसे का होत नाही? (दिंडोरी)

द्राक्षवेलीच्या शरीरात प्रतिपिंडे नसतात. आपल्या शरीरात असतात.

प्रश्न : दहा-दहा जनुके बदलूनही शरीर तो अवयव का नाकारते? मुलांना समजावून सांगण्यासाठी विचारते आहे. (शिक्षिका, कॉलेज रोड)

डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा भरपूर असते. माणसाच्या पूर्वजांनी ती तयार करण्याची क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. आपल्या आतड्यांतील जिवाणूंवर तिच्यासारख्या शर्करा असल्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे प्रत्येकाच्या रक्तात लहानपणीच तयार होतात. साध्या डुकराचा अवयव जोडल्यास ही प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते, अस्तराला इजा होऊन गुठळ्या होतात, आणि काही मिनिटांत किंवा तासांत अवयव काळानिळा पडतो.

हा पहिला हल्ला टाळण्यासाठी डुकराच्या तीन शर्करांची जनुके निकामी केली जातात. ज्या दहा बदलांविषयी आपण वाचले, त्यांत या तिघांखेरीज अवयव फार वाढू नये म्हणून एक जनुक बंद केलेले असते आणि कॉम्प्लिमेंट, गुठळ्या व दाह यांना आवर घालणारी सहा मानवी जनुके घातलेली असतात. तरीही डुकराची इतर प्रथिने शिल्लक राहतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध काही आठवड्यांत नवी प्रतिपिंडे घडवू शकते. 2023 मध्ये न्यूयॉर्क येथे मेंदूमृत व्यक्तीच्या शरीरात डुकराचे मूत्रपिंड 61 दिवस ठेवून अभ्यास झाला; साधारण महिनाभराने प्रतिपिंडांचा हल्ला झाला आणि उपचारांनी तो परतवताही आला. त्याआधी, जानेवारी 2022 मध्ये बाल्टिमोर येथे डेव्हिड बेनेट यांना डुकराचे हृदय बसवले होते. ते दोन महिने जगले. त्यांच्या बाबतीत त्या हृदयात लपलेला डुकराचा विषाणू, तसेच उपचार म्हणून शिरेतून दिलेली, अनेक दात्यांच्या रक्तातून एकत्र केलेली प्रतिपिंडे, या दोहोंचा हृदयाच्या हानीत वाटा असावा, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या संशोधकांनी मांडले आहे. एका रुग्णाला तारणारे औषध दुसऱ्या परिस्थितीत अपाय करू शकते, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगा.

प्रश्न : आमचे घराणे शुद्ध शाकाहारी आहे. आमच्यात डुकराविरुद्धची प्रतिपिंडे कमी असतील ना? (सिन्नर)

नाही. ती प्रामुख्याने आतड्यांतील जिवाणूंमुळे तयार होतात, आणि जिवाणू शाकाहारी माणसाच्या आतड्यांतही असतात.

प्रश्न : पत्नी 38 वर्षांची आहे, तीन बाळंतपणे झाली आहेत. डायलिसिस सुरू झाल्यापासून हिमोग्लोबिन कमी म्हणून चार वेळा रक्त चढवले. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. डुकराच्या किडनीला तरी ही अडचण येणार नाही ना? तोपर्यंत थांबावे का? (निफाड)

थांबू नका. डुकराच्या किडनीची वाट पाहत तर मुळीच थांबू नका.

क्रॉसमॅच ही दात्याच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी चाचणी. आपल्या पत्नीच्या रक्तात इतर माणसांच्या पेशींवरील एचएलए नावाच्या ओळखखुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली दिसतात. ती तीन मार्गांनी तयार होतात : गर्भारपण, रक्तसंक्रमण आणि पूर्वीचे प्रत्यारोपण. गर्भारपणात आईचे शरीर बाळातील वडिलांकडून आलेल्या खुणांची ओळख करून घेते, म्हणून काही स्त्रियांना स्वतःच्या पतीचे मूत्रपिंडही चालत नाही. बाळंतपणे टाळण्याजोगी नव्हती; परंतु चार वेळा चढवलेले रक्त प्रत्येक वेळी अपरिहार्य होते का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण असे कागद माझ्यासमोर वारंवार येतात. डायलिसिसच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घटते, तेव्हा त्याच्या शरीरातील लोह तपासावे, लागल्यास शिरेतून लोह द्यावे, तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन योग्य मात्रेत आणि नियमित द्यावे, एवढ्याने पुष्कळ रुग्णांचे रक्त वाढते. त्याला काही आठवडे लागतात आणि इंजेक्शनचा खर्च येतो, म्हणून ‘एक पिशवी लावून टाकू’ असे म्हटले जाते, आणि नातेवाईकही आकडा लगेच वाढलेला पाहून निश्चिंत होतात. ती एक पिशवी पुढच्या प्रत्यारोपणाचे दार बंद करू शकते, हे त्या वेळी त्यांना कोणीही सांगत नाही. अर्थात, मोठा रक्तस्राव असेल किंवा हृदयावर ताण येत असेल, तर रक्त द्यावेच लागते, आणि डॉक्टरांनी तसे सांगितल्यास नकार देऊ नये. मात्र रुग्ण प्रत्यारोपणासाठी उमेदवार आहे हे त्यांना सांगावे आणि पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त मिळेल का, असे विचारावे. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

आता डुकराविषयी. माणसाच्या एचएलए खुणा आणि डुकराच्या पेशींवरील तशाच खुणा यांत साम्य आहे, त्यामुळे काही रुग्णांच्या एचएलएविरोधी प्रतिपिंडांपैकी काही डुकराच्या पेशींनाही चिकटतात. कोणाची चिकटतील आणि कोणाची नाही, हे प्रत्येकाचे रक्त तपासूनच ठरते. अमेरिकेतील टोवाना लूनी यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे फार असल्याने त्यांना मानवी मूत्रपिंड जुळणे जवळजवळ अशक्य झाले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांना डुकराचे मूत्रपिंड बसवले, ते 130 दिवस चालले. पुढे संसर्गामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली, शरीराने मूत्रपिंड नाकारले आणि एप्रिल 2025 मध्ये ते काढावे लागले. दुसऱ्या एका रुग्णाचे 271 दिवसांनी काढावे लागले. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. आपल्या पत्नीच्या नियोजनासाठी तिचा आज उपयोग नाही.

आपण पुढील गोष्टी या महिन्यातच कराव्यात. क्रॉसमॅच कोणत्या पद्धतीने केली ते विचारा आणि प्रतिपिंडे नेमकी कोणत्या खुणांविरुद्ध आहेत व किती आहेत, याची सविस्तर तपासणी करून घ्या; कधी पॉझिटिव्ह अहवाल घातक प्रतिपिंडांमुळे नसतोही. प्रमाण थोडे असल्यास प्लाझ्मा बदलून आणि औषधे देऊन ते कमी करता येते का, हे अनुभवी केंद्रच सांगू शकेल. तसे शक्य नसेल, तर दात्यांची अदलाबदल, म्हणजे स्वॅप, कायद्याने मान्य आहे. प्रतीक्षायादीत नावही घाला. जुन्या रक्तसंक्रमणांच्या नोंदींसह सर्व कागद घेऊन आपल्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना भेटा. केवळ हे उत्तर वाचून कोणताही उपचार बदलू नका.

प्रश्न : एका एजंटाने मोबाईलवर संदेश पाठवला आहे की परदेशात डुकराच्या किडनीसाठी आगाऊ नोंदणी सुरू आहे आणि ‘भारतातही हे पूर्वी झालेले आहे’. पैसे भरावेत का? (मालेगाव)

एक रुपयाही भरू नका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2025 च्या सुरुवातीस ज्या चाचणीला परवानगी दिली, तिच्यात रुग्ण कठोर वैद्यकीय निकषांवर निवडले जातात, आगाऊ पैसे भरणाऱ्यांतून नव्हे. भारतातील ज्या घटनेचा आधार तो घेतो, तीही अर्धीच सांगतो. 1997 मध्ये आसाममधील सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले. रुग्ण आठवडाभरात मृत्यू पावला आणि डॉक्टरांना तुरुंगात जावे लागले. अल्फा-गॅल काढून टाकलेली डुकरे तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हती. हा संदेश पुसून टाकण्यापूर्वी पोलिसांच्या सायबर शाखेला दाखवा, कारण तो आणखी किती रुग्णांना गेला असेल, याचा अंदाज नाही.

प्रश्न : आईने दिलेली किडनी तीन वर्षांपूर्वी बसवली. तब्येत उत्तम आहे, म्हणून गेले दोन महिने टॅक्रोलिमस एक दिवसाआड घेतो आणि ‘इम्युनिटी’ वाढवणारा काढा सुरू केला आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 1.2 चे 1.7 झाले. काढा बंद करावा का? (ओझर)

काढा आजच बंद करा. ज्या प्रतिकारशक्तीला आपण टॅक्रोलिमससारख्या औषधाने आवर घालतो, तिलाच उत्तेजन देण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु त्याहून गंभीर गोष्ट चुकवलेल्या गोळ्यांची आहे. औषधाची पातळी खाली गेली, की आईच्या मूत्रपिंडाविरुद्धही नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि त्यांनी होणारी हानी प्रारंभी दुखत नाही, सूज येत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. बायोप्सी, प्रतिपिंडांची तपासणी आणि औषधाची पातळी यांवरूनच निदान होईल, आणि उपचार जितके लवकर तितके मूत्रपिंड अधिक वाचते. पुढच्या अंकाची वाट पाहू नका. उद्या सकाळची गोळी घेण्यापूर्वी औषधाच्या पातळीच्या तपासणीसाठी रक्त द्यायचे का, हे आपल्या प्रत्यारोपण केंद्राला आज रात्रीच फोन करून विचारा.