सगळं पौष्टिक खाऊनही वजन वाढतंच आहे, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की चार महिने मैदा, साखर, बाहेरचं खाणं सगळं बंद आहे. ज्वारीची भाकरी, ड्रायफ्रूट, ताजा ज्यूस सुरू आहे आणि तरी काटा अडीच किलोनं वर गेला. शेवटी "यापेक्षा समोसेच खाल्ले असते" असंही लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी गेल्या होळीला आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलले होते. दसऱ्याला मी 69.8 किलो होते, होळीला 72.9.

पहिलं काम रक्त तपासायचं. मीही तेच केलं. थायरॉइड, शुगर नॉर्मल आली आणि खरं सांगते, माझा विरस झाला. थायरॉइड निघाला असता तर सगळा दोष त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते. तुम्ही स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं घेत असाल, पाळी अनियमित असेल, तर डॉक्टरांना हे सगळं सांगा. यांचा वजन वाढण्याशी संबंध असू शकतो. पायावर सूज आणि दम लागणं असेल तर इथली उत्तरं वाचत बसू नका, आधी दवाखान्यात जा.

आता माझी गोष्ट. दसऱ्यापासून आम्ही रिफाइंड तेल बंद करून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणायला लागलो. महाग होतं, पण घमघमाट असा की भाजीत पळी जरा जास्तच वाकायची. चांगलं तेल आहे, अंगी लागेल! (लागलंच.) सासूबाई जवसाच्या चटणीवर ते कच्चं ओतायच्या, गोळाभातावर फोडणी व्हायची, रविवारी पाटोडीच्या रश्शावर बोटभर तर्री, म्हणजे वर तरंगणारं तिखट तेल. आधी पाच लिटरचा कॅन पस्तीस दिवस पुरायचा. घाण्याचा तेवीस दिवसांत संपायला लागला. मी ते बघत होते, दुकानदाराला पैसेही देत होते, पण वजनाशी त्याचा संबंध लावला नाही, कारण डोक्यात पक्कं बसलं होतं की हे "हेल्दी" आहे.

होळीनंतर एकदा चिडून कागद घेऊन बसले. घरात आम्ही चौघं. आधी माणशी रोज साधारण 36 मिली तेल, नंतर 54. तेल घाण्याचं असो की रिफाइंड, एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज दीडशेच्या आसपास कॅलरी जास्त, महिन्याला साडेचार हजार. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी धरतात. शरीराचा हिशेब इतका सरळ चालत नाही हे मान्य, पण पाच महिन्यांत तीन किलो कुठून आले याचं कोडं मला तरी उरलं नाही. त्याच तेलावर पोराचं काही वाढलं नाही. तो चौदाचा आहे, दिवसभर मैदानावर असतो. मी दिवसभर खुर्चीवर.

मग मी प्रत्येक पौष्टिक गोष्टीकडे संशयाने बघायला लागले. दोनशे ग्रॅमच्या आतलंही नीट मोजणारा छोटा वजनकाटा आणला. माझी "मूठभर" बदाम 38 ग्रॅमची निघाली, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात कॅलरी, आणि ती मी टीव्हीसमोर जेवणाव्यतिरिक्त खायची. चहात साखरेऐवजी गूळ. गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच, पण गुळाचा खडा मी चमच्यापेक्षा मोठा टाकायची, कारण गूळ चांगला. भाकरीचं तर हसूच आलं. ज्वारी आणि गव्हाच्या पिठात कॅलरीच्या बाबतीत फारसा फरक नाही. माझ्या एका फुलक्याला 25 ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला 70. तीन फुलके सोडून मी दोन भाकऱ्या खात होते, वर लोणी, आणि वर अभिमान.

संत्र्यांचंही तेच. फेब्रुवारीत नणंदेकडून काटोलहून मृग बहाराच्या संत्र्यांचा क्रेट येतो. चार संत्र्यांचा रस मी उभ्या उभ्या पिऊन टाकायची. तीच संत्री सोलून, साली काढत खायला बसले तर दुसऱ्यालाच हात थांबतो. तुमचा ज्यूस आधी बंद करा, फळ ठेवा.

फिरण्याबद्दल एकच सांगते. अर्धा तास चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. आमच्या ग्रुपमध्ये अंबाझरी तलावाजवळ तीन फेऱ्या मारून तर्रीपोहे खाऊन घरी जायची पद्धत होती. हिशेब तुम्हीच करा.

आणि रोज काट्यावर चढून रडू नका. सावजीच्या झणझणीत जेवणानंतर दुसऱ्या दिवशी माझं वजन सव्वा किलो जास्त दाखवायचं. ते मीठ आणि पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही असंच. मी आता फक्त शनिवारी सकाळी बघते आणि चार शनिवारांची सरासरी काढते.

बंद काहीच केलं नाही. घाण्याचंच तेल आहे, पण बाटलीजवळ पाच मिलीचा चमचा ठेवलाय. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी ताट सरकवलं, "भाजी कोरडी ठक्क झाली वं. इतके वर्षं तेल खाल्लं, कोनाले काय झालं?" त्या चमच्याला त्या अजूनही औषधाचा चमचा म्हणतात. कॅन आता साठ दिवस पुरतो, म्हणजे माणशी चार चमचे. बदाम दहा, मोजून. भाकरी एक, आणि वरण घट्ट, कारण पातळ वरणाने मला तासाभरात परत भूक लागायची. या शनिवारची सरासरी 68.6 आहे. सात महिने लागले, मध्ये लग्नसराईत दीड किलो परत चढलं होतं.

तुमच्या प्रश्नात भाकरी आहे, ड्रायफ्रूट आहेत, ज्यूस आहे, तेलाचा उल्लेखच नाही. आज रात्री तेलाच्या बाटलीवर स्केचपेनने रेघ मारा, सात दिवसांनी परत बघा. किती उतरलं आणि घरात जेवणारी माणसं किती, ते इथेच खाली लिहा.