बारावीनंतर पॅरालीगल व्हायचं आहे, कोणता कोर्स करू?

तुम्ही लिहिलंय की एलएलबी करणं सध्या जमणार नाही, मग पॅरालीगलचा, म्हणजे स्वतः वकील नसताना वकिलांच्या कामात मदत करणाऱ्याचा, कोर्स करून नोकरी मिळेल का. मी अकरा वर्षं दिवाणी वकिलांच्या ऑफिसात काम करते, त्यावरून सांगते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे पॅरालीगल म्हटलं की बरेच जण गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर समजतात. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ही योजना २००९ची. प्रशिक्षण तेच देतात, पण तिथे काम केलेल्या दिवसाचं मानधन मिळतं, पगार नाही. पगाराचं काम वकिलांकडे, लॉ फर्ममध्ये, कंपन्यांच्या लीगल विभागात असतं. त्यासाठी इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीवर करता येतो. जरूर करा, पण सोबत एखाद्या दिवाणी वकिलांकडे बसायला लागा. खरं शिक्षण तिथे होतं.

पहिल्याच वर्षी सरांनी माझ्या हातात निकालाची नक्कल दिली आणि विचारलं, "जिल्हा कोर्टात अपील कधीपर्यंत?" मी निकालापासून तीस दिवस मोजून तारीख सांगितली. त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा होत्या. अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. पण तयार नक्कल आणायला आठ दिवस उशीर केला, तर ते आठ दिवस पक्षकाराच्या मुदतीतून जातात. तेव्हापासून मी कुठल्याही कागदाचं शेवटचं पान आधी बघते.

असंच सातबारा आणि फेरफार या जमिनीच्या नोंदी वाचणं, रोजनामा (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) समजणं, ई-कोर्टवर केस शोधणं, मराठी टायपिंग. हे हाताखालून गेल्याशिवाय येत नाही.

एक मर्यादा कायम पाळा. वकिली फक्त सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्यांनी करायची, असं १९६१चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट सांगतो. पक्षकार तुम्हालाच सल्ला विचारतील, तेव्हा त्यांना वकिलांसमोर बसवा.

आणि मानधन थोडं असलं तरी व्हॉलंटियरचं काम वर्षभर करून बघा, असं मी मनापासून सांगेन. मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, पण कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. पुढची भरती कधी, ते तिथेच विचारा.