‘आता या वयात काय शिकायचं?’

लातूरमध्ये समुपदेशनाचे काम करताना गेल्या काही वर्षांत एक तक्रार मी इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकली आहे की, समोरची व्यक्ती प्रकृतीच्या कुरबुरींपासून सुरुवात करते तेव्हाच ती मला ओळखू येते. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे सरकारी ॲप आल्यावर लाभार्थ्यांच्या नोंदी मोबाइलवर भरण्याच्या धास्तीने अंगणवाडी सेविका आल्या, साठा वहीऐवजी संगणकावर नोंदवा असे फर्मान निघाल्यावर गोदामपाल आले आणि निवृत्तीला आठ-दहा वर्षे उरलेले कारकूनही आले. आजवर कामात कोणाला बोट दाखवू दिले नाही, परंतु आता सगळेच बदलले आणि या वयात नवे काही डोक्यात शिरत नाही, हे या सर्वांचे गाऱ्हाणे. ‘माणसाने आयुष्यभर शिकत राहावे’ हा उपदेश त्यांनी वरिष्ठांकडून आणि स्वतःच्या मुलांकडून पुष्कळ ऐकलेला असतो. त्याने झालाच तर अपराधीपणा वाढतो. म्हणून तो उपदेश मी करत नाही. त्याऐवजी येथील मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका मुनीमजींची हकिकत सांगते. त्यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

मुनीमजींचे वय पन्नाशीच्या आसपास. एकाच आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकणाऱ्या पेढीत, त्यांच्या उमेदीची वर्षे गेली होती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे वहीतल्या हिशेबाचे सारे प्रकार त्यांच्या हातात मुरलेले होते आणि कोणत्या शेतकऱ्याची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती, कोणाची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) द्यायची राहिली, हे वही न उघडता सांगणारा माणूस म्हणून बाजारात त्यांचा मान होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, पुढच्या एप्रिलमध्ये परराज्यात पन्नास हजारांवरचा करपात्र माल पाठवताना ई-वे बिल हे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र काढणे सक्तीचे झाले, तरीही थोरल्या मालकांनी वही चालू ठेवून संगणकाचे काम बाहेरून करून घेतले. पुढे मालकांच्या मुलाने कारभार हाती घेतला, दुकानातच टॅली ही हिशेबाची संगणकप्रणाली बसवली, नोंदींसाठी एक तरुण मुलगा ठेवला आणि मुनीमजींना सांगितले की, हळूहळू तुम्हीही हे शिकून घ्या. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. डोके दुखत असे, दुकानाच्या पायरीवर छातीत धडधडत असे. तपासण्यांत काही निघाले नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले.

“मॅडम, नोकरी सोडावी म्हणतो,” ते पहिल्याच भेटीत म्हणाले. “पोरगं शिकवतंय, वाईट नाही ते. पण माझ्या डोक्यातच राहत नाही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कोणत्या तोंडानं विचारू?”

विस्मरणाची तक्रार करणाऱ्या या गृहस्थांनी त्याच तासात मला तीन वर्षांपूर्वीच्या तुरीच्या भावाचे चढउतार महिन्यांसह सांगितले होते. तेव्हा त्यांची अडचण स्मरणशक्तीची नव्हती. पुढच्या एका भेटीत मी विचारले, “दुकानात कोणीच नसेल, तुम्ही आणि संगणक दोघेच असाल, आणि एखादी नोंद चुकली, तर छातीत धडधडेल का?”

त्यांनी बराच विचार केला. “बघायला कोणी नसलं तर चुकलो काय अन् नाही काय.”

बहुतेकांचे खरे उत्तर हेच असते, मात्र ते सापडायला वेळ लागतो. या वयात शिकता येत नाही असे आपण म्हणतो, पण सोसवत नाही ते असते ज्यांना आपण शिकवले त्यांच्या वयाच्या मुलासमोर चुकणे. विशीतल्या मुलाला गमावण्यासारखे काही नसते, म्हणून तो बेधडक बटणे दाबतो. पन्नाशीतल्या माणसाने ‘मला सगळे येते’ या ओळखीवर घर, मान आणि मुलींची लग्ने उभी केलेली असतात. त्याला ‘मला येत नाही’ हे वाक्य पगारकपातीपेक्षा महाग पडते. वयाने नवे आकलन थोडे मंदावते हे खरे आहे. पण अनुभवातून साठलेली समज उतारवयापर्यंत टिकते, अनेकदा वाढतेही, हा भेद मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी विसाव्या शतकातच स्पष्ट केला होता. आपल्याकडे मात्र वेगालाच बुद्धी समजण्याची खोड आहे आणि ती आता म्हातारी माणसेही स्वतःला लावू लागली आहेत.

मी मुनीमजींना धीर दिला नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार माझ्या कामाचा पाया आहे: आपल्याला जमेल हा विश्वास दुसऱ्याच्या कौतुकाने थोडाफार वाढतो, पण स्वतःच्या हातून काही पार पडते तेव्हा तो खऱ्या अर्थाने रुजतो. म्हणून मी त्यांना एकच काम दिले: संगणकाला हात लावायचा नाही, त्या मुलाकडून येणे-देण्याची छापील यादी घ्यायची आणि जुन्या सवयीने वाचून यायची.

पुढच्या भेटीत ते यादी घेऊनच आले आणि बसायच्या आधी म्हणाले, “मॅडम, हा कागद खोटा आहे.”

यादीत एका शेतकऱ्याच्या नावे मोठी बाकी दाखवली होती. मुनीमजींचे म्हणणे असे की, या माणसाने जानेवारीत तूर घातली, उचल केव्हाच फिटली, उलट दुकानच त्याचे देणे लागते. दुकानात जाऊन त्यांनी शोध लावला होता: शेजारच्या गावात त्याच नाव-आडनावाचा दुसरा शेतकरी होता आणि मुलाने तुरीची रक्कम त्याच्या खात्यात जमा केली होती.

“संगणकाला हे कळले नाही?” मी विचारले.

“त्याला कसं कळावं? त्याची बेरीज बरोबर आहे. नावे-जमा जुळलं की त्याचं काम संपलं. माणूस कोणता, हे त्याला काय ठाऊक?”

“मग ते कोणाला ठाऊक आहे?”

ते एकदम हसले. त्या खोलीत त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले आणि समुपदेशकाला पगारात न मिळणारे समाधान मला मिळाले, हे कबूल करायला हरकत नाही. तोपर्यंत ते शून्यापासून शिकायचे म्हणून घाबरत होते. आता त्यांनीच मला समजावून सांगितले की, टॅलीत कीबोर्डवरचे एफ-सहा म्हणजे आपली जमा पावती, एफ-पाच म्हणजे खर्चाचे पान आणि एफ-सात म्हणजे हवाल्याची, रोख रकमेशिवाय खात्याखात्यांत होणारी नोंद. नवे आहे ते फक्त बटण. दुकानात त्या मुलाशी बोलण्याचा त्यांचा सूरही पालटला. मुलगा त्यांना बटणे दाखवू लागला आणि ते त्याला खाती ओळखायला शिकवू लागले. तिसऱ्यांदा विचारण्याची लाज त्या देवाणघेवाणीत आपोआप कमी झाली.

पुढचा भाग चिकाटीचा आणि म्हणून कंटाळवाणा आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनी टॅलीचा शैक्षणिक प्रकार घेतला. त्यात मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते आणि चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही. रविवारी चार तास बसण्याचा बेत मी मोडून काढला आणि रोज अर्धा तास ठरवला, कारण थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एकगठ्ठा पाठांतरापेक्षा अधिक टिकते. स्मरणशक्तीचे अभ्यासक एबिंगहाऊस यांनी हे १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले आहे. मध्ये तुरीच्या हंगामात सराव तुटला आणि ‘सगळं विसरलो’ म्हणत ते परत आले. मी त्यांना लगेच नोंद करायला लावली. पहिल्यांदा जे शिकायला आठवडा लागला होता, ते उजळायला दोन बैठका पुरल्या. असा खंड पडणार हे गृहीत धरूनच शिकायला सुरुवात करावी.

अशा व्यक्तीच्या घरच्यांना आणि मालकांनाही एक विनंती आहे. मुनीमजींची मुलगी प्रेमळ होती, पण वडील अडखळले की माऊस ओढून स्वतः करून दाखवायची. मी तिला हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायला लावले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘मघाशीच सांगितलं ना’ हे वाक्य टाळावे. विचारलेले लिहून ठेवायला एक वही द्यावी. वहीवर वाढलेल्या माणसाला त्याच वहीतून नव्या यंत्राकडे जाणे सोपे पडते.

मुनीमजी आज रोजच्या नोंदी स्वतः करतात, त्या मुलापेक्षा सावकाश करतात आणि महिनाअखेरची यादी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय धाकटे मालक सही करत नाहीत. ई-वे बिल अजून तो मुलगाच काढतो. विवरणपत्रे भरायला शिकण्याची त्यांची इच्छा नाही. ते काम कर सल्लागाराचे आहे असे त्यांचे मत असून मीही त्याबाबत आग्रह धरलेला नाही.