पुढे असलेला उमेदवार हरतो कसा? इंडाय मतदारसंघाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील इंडाय या ग्रामीण मतदारसंघात 2013 साली उजव्या विचारांच्या लिबरल पक्षाच्या सोफी मिराबेला यांना पहिल्या मोजणीत जवळपास 45 टक्के मते होती, अपक्ष कॅथी मॅकगोवन यांना 31 टक्के. तरी निवडून आल्या मॅकगोवन. हे कसे?

उत्तर : तेथे मतदार एकाच नावावर खूण करत नाही, सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणाला असतील तर विषय तिथेच संपतो. नसतील तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. दोघेच उरेपर्यंत हेच चालते.

आता 2013 चा हिशेब मांडून पाहा. दोघींची मते वजा केली तर साधारण 24 टक्के उरतात. त्यातली सुमारे 19 टक्के मॅकगोवन यांच्याकडे वळली, मिराबेला यांना मिळाली जेमतेम पाच. शेवटचा आकडा 50.25 विरुद्ध 49.75. फरक 439 मतांचा, तोही देशभर लिबरल-नॅशनल युती सत्तेवर येत असताना.

पण खरी मेख पसंतीच्या वाटपात नव्हती, बाद होण्याच्या क्रमात होती. 2010 मध्ये मिराबेला यांच्यासमोर शेवटच्या जोडीत लेबर हा डावीकडे झुकलेला पक्ष होता आणि निकाल साठ-चाळीसच्या आसपास लागला. लेबरला कोणत्याही परिस्थितीत मत न देणारा मोठा वर्ग या भागात आहे. त्यामुळे लेबर दुसऱ्या क्रमांकावर आहे तोवर जागा लिबरलसाठी सुरक्षित. अपक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला की लेबर आणि ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाच्या मतपत्रिका त्याच्याकडे जातात, शिवाय युतीवर नाराज झालेला शेतकरीही त्याला निःसंकोच मत देतो. मॅकगोवन यांचे पहिले काम जिंकणे नव्हे, लेबरच्या पुढे राहणे हे होते. ‘व्हॉइसेस फॉर इंडाय’ या गटाने घराघरांत स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती घेतलेल्या बैठकांतून ते साधले.

प्रश्न : ही पद्धत ग्रामीण भागासाठीच आणली गेली, हे खरे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे. ऑक्टोबर 1918 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान येथे पोटनिवडणूक झाली. तेव्हा सत्तेत असलेला नॅशनलिस्ट पक्ष (लिबरल पक्षाचा पूर्वज) आणि शेतकऱ्यांचा उमेदवार यांनी लेबरविरोधी मते वाटून घेतली आणि लेबरचा बावीस वर्षांचा एडविन कोर्बॉय सुमारे 34 टक्क्यांवर जिंकला. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलला. डिसेंबरमध्ये व्हिक्टोरियातील कोरँगमाइटच्या पोटनिवडणुकीत नवी पद्धत प्रथम वापरली गेली. तेथे पहिल्या मोजणीत पुढे होते लेबरचे जेम्स स्कलिन, जिंकला शेतकरी संघटनेचा उमेदवार. स्कलिन पुढे पंतप्रधान झाले ते वेगळे. म्हणजे 2013 मध्ये लिबरल पक्षाला ज्या नियमाने फटका बसला, तो त्यांच्याच राजकीय पूर्वजांनी स्वतःच्या सोयीसाठी केला होता.

प्रश्न : इंडाय कायम उजव्या पक्षांचाच होता का?

उत्तर : नाही. मतदारसंघ 1901 पासूनचा, व्हिक्टोरियाच्या ईशान्य कोपऱ्यातला. वँगरॅटा आणि वोडोंगा ही त्यातली मोठी गावे. पहिले खासदार आयझॅक आयझॅक्स, जे पुढे गव्हर्नर जनरल झाले. नंतर ही जागा सारखी हेलकावे खात होती : लेबरचे पार्कर मोलोनी 1910 मध्ये जिंकले, 1913 मध्ये हरले, 1914 मध्ये परत आले, 1917 मध्ये पुन्हा हरले. 1919 पासून कंट्री पक्षाचे (आजचा नॅशनल पक्ष) रॉबर्ट कुक. त्याच पक्षाचे आणि पुढे पंतप्रधान झालेले जॉन मॅकइवन 1937 ते 1949 येथूनच निवडून येत.

‘सुरक्षित’ हा शिक्का 1949 नंतरचा. त्या काळातही युतीतले दोन पक्ष एकमेकांकडून जागा घेत राहिले. 1958 मध्ये कंट्री पक्षाच्या मॅक होल्टन यांनी लिबरलकडून घेतली, 1977 मध्ये लिबरलच्या इवन कॅमेरॉन यांनी होल्टन यांच्याकडून. विद्यमान खासदाराविरुद्ध मित्रपक्षाने उमेदवार देऊ नये असा युतीत सर्वसाधारण संकेत आहे. तो पाळला जातो तेव्हा मतदाराला पर्याय उरत नाही आणि जागा असते त्याहून पक्की दिसते.

मॅकगोवन 2016 मध्येही जिंकल्या. 2019 मध्ये त्यांच्या जागी हेलन हेन्स उभ्या राहिल्या आणि 51.4 टक्क्यांवर निवडून आल्या. एका अपक्षानंतर त्याच जागी दुसरा अपक्ष, असे देशाच्या संसदेत आधी घडले नव्हते. 2022 मध्ये मात्र हेन्स पहिल्या पसंतीतच सुमारे 40 टक्क्यांसह आघाडीवर होत्या.

प्रश्न : निकालाच्या तक्त्यात दोन वेगवेगळे ‘अंतिम’ आकडे दिसतात. कोणता धरायचा?

उत्तर : विजेता ठरतो तो ‘अंतिम दोन उमेदवार’ या आकड्याने. दुसरा आकडा ‘दोन पक्ष’ हा. त्यात मतपत्रिकांवर लेबर आणि युती यांपैकी कोण वर आहे एवढेच मोजतात, मग लेबर शेवटच्या जोडीत असो वा नसो. त्यामुळे अपक्ष खासदार असतानाही इंडायचा ‘दोन पक्ष’ आकडा युतीकडे झुकलेला दिसतो. दोन निवडणुकांतली वाढ-घट काढताना दोन्ही वेळची अंतिम जोडी एकच होती का हे आधी बघा. 2010 आणि 2013 ची थेट तुलना याच कारणाने फसते.

मतदानाच्या रात्रीचा आकडाही कच्चाच. निवडणूक आयोग अंदाजाने दोन उमेदवार निवडून त्यांच्यातच पसंती वाटून पाहतो. अंदाज चुकला तर ती मोजणी नव्याने करावी लागते. टपाली मते मतदानानंतर 13 दिवसांपर्यंत स्वीकारतात. 2013 मध्ये वँगरॅटात मतदानाच्या दिवसाआधीच दिलेल्या मतांच्या आकड्यांत हजाराच्या घरातली चूक सापडली आणि मॅकगोवन यांची आघाडी वाढली. फरक शंभरच्या आत असेल तर फेरमोजणी आपोआप होते, 439 ला नाही.

प्रश्न : मत बाद कशाने होते?

उत्तर : कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक चौकटीत आकडा हवा. बरोबरची खूण किंवा फुली केली, एकच आकडा दोनदा आला, मधला आकडा गाळला किंवा मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले, की मत बाद. एकच सवलत आहे : बाकी क्रम बरोबर असून एकच चौकट रिकामी राहिली, तर ती शेवटची पसंती मानतात. केंद्राबाहेर पक्ष वाटतात ती पसंतीक्रमाची पत्रके निव्वळ सल्ला असतात. क्रम मतदाराचाच धरला जातो.

प्रश्न : 1928 मध्ये लेबर येथून बिनविरोध निवडून आला असे वाचले. कंट्री पक्षाच्या बालेकिल्ल्यात?

उत्तर : हो. विद्यमान खासदार कुक यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत दाखलच झाला नाही. मैदानात दुसरे नाव एकच, लेबरचे पॉल जोन्स. त्यांना एकही मत न पडता जागा मिळाली. बरे, हा नुसता अपघात म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण 1929 मध्ये रीतसर मतदान होऊन जोन्स पुन्हा जिंकले आणि थेट 1931 मध्ये हरले.

आजकाल अर्ज भरण्याची मुदत ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता संपते. पक्षाने सर्व उमेदवारांचे अर्ज एकत्र भरायचे असतील तर ते 48 तास आधी द्यावे लागतात. अपक्षाला त्याच मतदारसंघातील 100 मतदारांच्या सह्या आणि 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर अनामत लागते. पहिल्या पसंतीची किमान 4 टक्के मते मिळाली तर ती परत मिळते.