'तपकिरी शाई' चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा की इटालियन चित्रकार रफाएलनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या पँथिऑन या जुन्या देवळाच्या आतल्या बाजूचं जे चित्र काढलं, फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे ते, त्याच्या कॅप्शनमधल्या 'ब्राउन इंक'चं मराठी 'तपकिरी शाई' केलं तर एकाने हरकत घेतली. शाई म्हणजे फारसी सियाही, सियाह म्हणजे काळा, मग काळं ते तपकिरी कसं असेल?

व्युत्पत्ती बरोबर आहे, हरकत चूक. अहो आपण निळी शाई म्हणतो, मास्तर लाल शाईने पेपर तपासतात, शाईला काळेपणा चिकटून राहिलाय असं कुणालाच वाटत नाही. आणि इतकंच खोदायचं असेल तर 'तपकिरी'पण खोदा, तो शब्द 'तपकीर'वरून आलाय म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीवरून, आणि रफाएल पँथिऑनच्या रेघा मारत होता तेव्हा आपल्याकडे तंबाखू आलीच नव्हती! मग काय त्या चित्राला तपकिरी पण म्हणायचं नाही का.

गंमत म्हणजे खुद्द रोमन लोकांचंही असंच होतं. लॅटिनमध्ये शाईला आत्रामेंतुम, ते आतेर म्हणजे काळा यावरून, म्हणजे आपल्या शाईसारखंच झालं. इंग्रजी इंक आणि इटालियन इंकिओस्त्रो मात्र दुसऱ्याच शब्दावरून येतात, एंकाउस्तुम, ती सम्राटांच्या सहीची जांभळट शाई. म्हणजे ज्या इंकला हरकतवाले मोकळं सोडतायत ती मुळात जांभळी.

पण खरा मुद्दा मला वेगळाच वाटतो. आज तपकिरी दिसणारी ती रेघ काढली तेव्हा तपकिरी होती का? त्या काळी युरोपात सगळ्यात जास्त चालणारी शाई मायफळ, हिराकस (लोखंडाचा एक क्षार) आणि डिंक यांची. मायफळ म्हणजे तेच हो, बाळगुटीत उगाळतात ते, ओकच्या झाडावर एक किडा अंडी घालतो तिथे येणारी गाठ, सिरियातल्या अलेप्पोची मायफळं तर युरोपात फार नावाजलेली होती. ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि पुढे शेकडो वर्षांत तपकिरी पडते, कधीकधी तर खालचा कागदच खाऊन टाकते. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई अशी उतरत नाही, काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, ती काळीच राहते. पण लाकडाच्या काजळीपासून केलेली बिस्टर नावाची शाई पहिल्यापासूनच तपकिरी असते आणि नुसत्या डोळ्यांनी बिस्टर आणि तपकिरी पडलेली मायफळाची शाई यांतला फरक ओळखणं अवघड, म्हणून म्युझियमवाले आज दिसतो तो रंग लिहून मोकळे होतात. तेव्हा तुम्हीही 'तपकिरी शाई' बिनधास्त लिहा, 'तपकिरी पडलेली' असं मात्र तपासणीचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय लिहू नका.

कॅप्शनमधल्या 'पेन'साठी बोरू किंवा टाक नको. बोरू गवताच्या पोकळ काडीचा आणि टाक म्हटलं की लोखंडी निब डोळ्यासमोर येते, तिकडे तेव्हा पिसाची लेखणी होती, नुसतं 'लेखणी' पुरे.

तुम्ही जाता जाता पँथिऑनला 'रोमन देऊळ' म्हणायचं की 'मंदिर' हेपण विचारलंय. मला देऊळच आवडतं, उगाच संस्कृताळलेलं वाटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ही इमारत रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात बांधलेलं देऊळ खरं, पण 609 साली तिचं चर्च झालं, म्हणजे रफाएल आत शिरला तेव्हा ती नऊशे वर्षं चर्चच होती आणि 1520 साली त्याला पुरलंही तिथेच. त्यामुळे 'रोमन देवळाच्या आतला भाग' ठीक, पण 'देवळातली पूजा' वगैरे वर्णनात आणू नका.