पन्नाशीच्या तोंडावर बचत सुरू करताना

ताई, अठ्ठेचाळिशीत उशीर झाला म्हणून खचू नका. साठीला अजून बारा वर्षं आहेत. सातपूरच्या कंपनीत तुमचा पीएफ कापला जातोच, तर आधी ऑफिसात व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्ये आपल्या इच्छेनं जादा भरणा, सुरू करायला सांगा. पगारातून कापल्या जाणाऱ्या १२ टक्क्यांच्या वर स्वतःहून भरलेल्या रकमेलाही पीएफचंच व्याज मिळतं, आणि पैसे हातात पडण्याआधीच बाजूला जातात. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी सोय. (कंपनीला त्यात जादा भर घालावी लागत नाही, हे धरून चाला.) पीपीएफ, म्हणजे कुणालाही उघडता येणारं सरकारी बचत खातं, १५ वर्षांचं असतं, म्हणून ते याच महिन्यात पोस्टात उघडा, वर्षाला ५०० रुपयांवरही चालू राहतं. आणि मुलीच्या लग्नासाठी पीएफला हात लावू नका, कळकळीनं सांगते. गंगापूर रोडचं मोठं लॉन्स घेतलं नाही तरी लग्न छानच होतं.