आयात केलेल्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावर शक्तिमर्यादा आहे का, हे कसे तपासावे?

जपानी बाजारासाठी बनलेली, १९९० च्या दशकातली ७५० सीसीची मोटरसायकल आपण घेऊ पाहत आहात आणि तिची शक्ती मुद्दाम कमी केलेली आहे का, असे विचारत आहात. बहुधा तशी ती असेल, आणि ते कारखान्यातच झालेले असेल. त्या काळी जपानी उत्पादकांनी आपसांत ठरवलेल्या संकेतानुसार या वर्गाला ७७ अश्वशक्तीची मर्यादा होती; हे बंधन २००७ मध्ये उठले. फ्रान्समधून आलेल्या मोठ्या गाडीबाबतही हीच शंका घ्यावी, कारण तिथे सुमारे १०० अश्वशक्तीची मर्यादा २०१६ पर्यंत कायद्यानेच होती.

आधी चॅसिस क्रमांक पाहा. जपानी बाजारातल्या गाडीवर सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो. मॉडेलचा छोटा संकेत, आडवी रेघ आणि अनुक्रमांक एवढेच असते. युरोपीय कागदपत्रांत पी.२ या रकान्यात शक्ती किलोवॅटमध्ये दिलेली असते, तिला १.३६ ने गुणले की अश्वशक्ती मिळते. मात्र नंतर कोणी काय बसवले किंवा काढले, हे कागद सांगत नाहीत.

म्हणून एकही स्क्रू सोडवण्याआधी त्याच मॉडेलच्या जपानी आणि निर्यात आवृत्त्यांचे पार्ट्स कॅटलॉग शेजारी ठेवून कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा), एक्झॉस्ट आणि इग्निशन युनिटचे पार्ट नंबर ताडून पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. फरक फक्त इनलेटपुरता, म्हणजे हवा-पेट्रोल इंजिनात जाण्याच्या वाटेपुरता असेल तर काम सोपे आहे. कॅमशाफ्टही वेगळे असतील, तर पूर्ण शक्ती मिळवण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरावा लागेल.

मग इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचा डबा काढून, दुसऱ्या कोणाला थ्रॉटलची मूठ पूर्ण पिळायला सांगा. कार्ब्युरेटरच्या आतली झडप हवेच्या वाटेला समांतर झाली पाहिजे; ती आधीच अडत असेल, तर कुठेतरी स्टॉप, म्हणजे अडथळा, बसवलेला आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये झडप पूर्ण उघडूनही स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा, वरखाली सरकणारा भाग) अर्ध्यावर थांबू शकते, म्हणून ती बोटाने उचलून थेट वरपर्यंत जाते का ते पाहावे. माझ्या स्वतःच्या गाडीत या दोन्ही गोष्टी ठीक होत्या, आणि मी कित्येक दिवस जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्राचे भाग) बदलत बसलो. अखेर कार्ब्युरेटर उतरवल्यावर इनलेट रबरात अरुंद छिद्राच्या धातूच्या चकत्या सापडल्या.

चालवतानाही फरक जाणवतो. मर्यादा घातलेले इंजिन खालच्या आरपीएमवर निरोगी असते आणि एका टप्प्यानंतर शांतपणे थकते; बिघाड असेल तर ते सहसा अडखळते. डायनोवर (चाकावरची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणार असाल, तर मागच्या चाकावरचा आकडा कारखान्याच्या आकड्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी येतो, हे लक्षात ठेवा.

चकत्या सापडल्या तरी नुसत्या काढून गाडी पळवू नका. हवा वाढते पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढेलच असे नाही; मिश्रण पातळ झाले तर पिस्टन जळू शकतो. म्हणून जेटिंग, म्हणजे जेटची मापे, त्याच वेळी तपासून गरजेप्रमाणे बदलावे लागते.